गळा शेवटी

मास्तरांच्या तोंडून 'माहीत नाही' हे शब्द कधी कुणी ऐकले नव्हते. बायकोनं नाही, बहिणीनं नाही, आणि सरकारी इस्पितळाच्या शवागारात एकतीस वर्षांत येऊन गेलेल्या एकोणीस डॉक्टरांपैकी तर कुणीच नाही. हुद्द्यानं ते तिथले मदतनीस. म्हणजे डॉक्टरांनी कापायचं आणि ह्यांनी हाताशी राहायचं, असं कागदावर. प्रत्यक्षात कापायचे मास्तर, शिवायचे मास्तर, आणि डॉक्टर दोन पावलं मागे उभे राहून, नाकावरचा मास्क सांभाळत, मास्तर सांगतील ते लिहून घ्यायचे. स्ट्रेचर दारातून आत येतानाच नुसते तळपाय बघून ते मरणाचं कारण सांगायचे आणि चहाची पैज जिंकायचे. दोनदा म्हणे चुकले होते. पण ते दोन्ही डॉक्टर बदली होऊन गेले आणि चुकाही त्यांच्याबरोबर गेल्या.

'मास्तर' हे नावही डॉक्टरांनीच पाडलेलं, कारण नवा डॉक्टर आला की पहिल्याच आठवड्यात मास्तर त्याची शाळा घ्यायचे. त्यातला एक धडा ते कधी चुकवत नसत. "गळा दाबल्याचा संशय आहे ना? मग आधी डोकं उघडायचं, नंतर छाती. सगळं रक्त वाहून जाऊ द्यायचं. गळा शेवटी. नसा भरलेल्या असताना गळ्याला सुरी लावलीत तर तुमच्याच सुरीनं रक्त बाजूच्या मांसात झिरपतं आणि हुबेहूब दाबल्याच्या खुणेसारखं दिसतं. मग ती खूण खुन्याची की तुमची, हे ब्रह्मदेव आला तरी सांगू शकत नाही." डॉक्टर माना डोलवायचे. चार महिन्यांपूर्वी आलेल्या डॉक्टरबाईंनी तर हे वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. मास्तरांना त्या रेघा फार आवडल्या होत्या.

त्या मंगळवारी सकाळी साडेसातला स्ट्रेचर आलं तेव्हा मास्तर सुऱ्या उकळत्या पाण्यातून काढत होते. सवयीनं त्यांनी तळपायांकडे पाहिलं. बाईचे पाय, वय पंचविशीच्या आसपास, आणि डाव्या टाचेवर सायकलच्या आऱ्यात सापडल्याची जुनी, वाकडी खूण. त्या सायकलवर पुढे मास्तरच होते. मागे बसलेल्या सहा वर्षांच्या भाचीला त्यांनी "पाय लांब धर गं" असं तीनदा बजावलं होतं.

स्ट्रेचरमागून जावई आला. भाचीचा नवरा. शर्टाची बटणं एक घर चुकवून लावलेली, डोळे सुजलेले. गावाच्या दुसऱ्या टोकाला, बाजारात त्याचं लॉन्ड्रीचं दुकान, वरच्या मजल्यावर घर. तो हवालदाराला एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होता. "उठवायला गेलो तर उठलीच नाही हो. उठलीच नाही." मास्तरांनी त्याच्या तोंडाकडे बघितलंच नाही. त्यांनी बघितले त्याचे हात. दिवसभर आठ किलोची इस्त्री ओढणारे, मनगटापर्यंत भाजल्याचे डाग असलेले, रुंद हात. हवालदारानं त्याला भाचीचे ओळखीचे कागद आणायला परत घरी पाठवलं, आणि मास्तर त्या हातांकडे ते फाटकाबाहेर जाईपर्यंत बघत राहिले.

कारण मास्तरांना ठाऊक होतं. सहा महिन्यांपूर्वी भाची त्यांच्याकडे आली होती तेव्हा तिच्या दंडावर निळे डाग होते. एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला एक.

"दाराला आपटलं, मामा."

"दाराला अंगठा नसतो," मास्तर म्हणाले होते.

ती रडली होती. आईला, भावाला सांगू नकोस म्हणून तिनं गळ घातली होती. भाऊ तापट आहे, उगाच काहीतरी करून बसेल. हा वाईट नाही, राग आला की भान राहत नाही, मागून स्वतःच रडतो. मास्तर गप्प बसले. मेलेल्या माणसांबद्दल बोलायची सवय असलेला माणूस जिवंत पोरीबद्दल गप्प बसला, आणि आता ती त्यांच्याच टेबलावर आली होती. त्यांनी हातातली सुरी खाली ठेवली.

नियमानं त्यांनी हात लावायलाच नको होता. सख्ख्या नात्यातलं प्रेत आलं की बाजूला व्हायचं, हा नियम त्यांनीच इतरांना सांगितलेला. पण दुसऱ्या कुणाची बोटं आपल्या भाचीत गेलेली त्यांना चालणार नव्हती. डॉक्टरबाईंचा फोन आला. कोर्टात साक्ष आहे, दहापर्यंत येते, काही विशेष? "काही नाही, नेहमीचंच," मास्तर म्हणाले. जोडीच्या मदतनिसाला त्यांनी चादरी आणायला भांडारात पिटाळलं आणि दाराला आतून कडी घातली.

चेहरा किंचित निळसर. गळ्यावर वरून काही नाही, ना वळ, ना ओरखडा. दुसरा कुणी म्हणाला असता, झोपेत गेली बिचारी. मास्तर असल्या भोळेपणाला भीक घालणारे नव्हते. मध्ये मऊ कापड धरून दाबलं तर कातडीला पत्ता लागत नाही, जे काही होतं ते आत होतं, हे त्यांनी वीसेक गळ्यांत पाहिलं होतं. ते डोक्याशी उभे राहिले. आता एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत चीर द्यायची, केसांसकट कातडं सोलून चेहऱ्यावर उलटं पाडायचं आणि करवत लावायची. हजारो वेळा केलेलं काम. भाचीनं आदल्या दिवशी केस धुतले असावेत. फिनेलच्या वासातूनही शाम्पूचा वास येत होता.

त्यांचा हात पुढे जाईना. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. आणि मग माणसाचं मन जे करतं तेच त्यांच्या मनानं केलं. जे जमत नव्हतं, ते करायची गरजच नाही असं त्यांना पटवून दिलं. कारण तर माहीतच आहे. डोकं कशाला फोडायचं पोरीचं? गळा उघडू, पुरावा हाती आला की बाकीचं बाई बघतील.

त्यांनी हनुवटीखालून सुरी लावली आणि छातीच्या हाडापर्यंत सरळ ओढली. कातडी दोन्हीकडे सोडवली. एकामागून एक मांसाचे थर बाजूला केले. पहिल्या थराखाली काळपट लाल डाग दिसला. दुसऱ्याखाली आणखी मोठा. मांसात रक्त साकळलं होतं. मास्तरांनी दिवा खाली ओढला. डावीकडे चार बोटं, उजवीकडे अंगठा. अगदी दंडावर होती तशीच. त्यांना त्या क्षणी रडू यायला हवं होतं. आलं नाही. त्यांना बरं वाटलं. आपलं बरोबर निघालं की वाटतं ते, नेहमीचं, चहाची पैज जिंकल्याचं समाधान. ह्या गोष्टीची लाज त्यांना नंतर आयुष्यभर पुरली.

हातमोजे न काढताच ते बाहेर आले. अंगणातल्या सिमेंटच्या बाकावर त्यांची बहीण बसली होती, आणि तिच्यासमोर उकिडवा बसलेला भाचा, मेलेल्या पोरीचा थोरला भाऊ. मालट्रक चालवायचा तो. माल उतरवता उतरवता निरोप मिळाला तसा ट्रकसकट इथे आला होता. ट्रक फाटकात आडवाच उभा होता.

"दादा, काय झालं रे तिला?" बहिणीनं विचारलं.

मास्तरांनी बहिणीकडे पाहिलं नाही. भाच्याकडे पाहिलं. "गळा दाबलाय."

"नक्की, मामा?" भाचा उठून उभा राहिला. "डॉक्टर तर अजून आल्या नाहीत."

"डॉक्टर काय सांगणार आहेत मला? आत्ता उघडून बघितलाय. एका बाजूला चार बोटं, दुसऱ्या बाजूला अंगठा. छापल्यासारखी." आणि एकदा तोंड उघडल्यावर त्यांना थांबता येईना. त्यांनी दंडावरच्या डागांचंही सांगून टाकलं.

बहीण उठली. "तुला माहीत होतं?" ती म्हणाली. "सहा महिने? तुला माहीत होतं?" आणि तिनं मास्तरांच्या थोबाडीत मारली. मग दुसऱ्या गालावर. मग दोन्ही मुठींनी छातीवर मारत सुटली. मास्तरांनी हात वर केले नाहीत. ती दमून बाकावर कोसळली तेव्हा भाच्यानं आपला फोन तिच्या मांडीवर ठेवला, "काकांना कळव," म्हणाला आणि ट्रककडे चालू लागला. सीटखालून त्यानं टॉमी काढली, चाकाचे नट खोलायची हातभर लांब लोखंडी सळई. ती सदऱ्याखाली धरून तो पायीच फाटकाबाहेर गेला.

मास्तरांनी हे सगळं बघितलं. हाक मारायला भरपूर वेळ होता. ते वळले आणि आत गेले.

कोर्टातली तारीख पुढे गेली म्हणून डॉक्टरबाई दहाऐवजी नऊलाच आल्या. कडी वाजवली. मास्तरांनी दार उघडलं. बाईंनी टेबलाकडे पाहिलं, मग डोक्याकडे, मग पुन्हा गळ्याकडे.

"डोकं उघडलं नाहीत?"

"नाही."

"छाती?"

"नाही."

"मास्तर, गळा आधी घेतलात?" बाईंचा आवाज चढला नव्हता, पण चेहरा उतरला होता. "तुम्ही?"

"बाई, इथं बघा ना. चार बोटं. हा अंगठा." मास्तरांनी चिमटा रोखला.

बाई वाकल्या. बराच वेळ बघत होत्या. मग त्यांनी मास्तरांच्या हातातला चिमटा काढून घेतला, एक थर उचलला, दुसरा उचलला. "कुठे आहेत बोटं? हे सगळीकडे सारखंच पसरलंय, मास्तर. खाली अन्ननलिकेच्या मागंपर्यंत गेलंय. तिथं कुणाचं बोट पोचतं?"

मास्तरांनी दिवा आणखी खाली ओढला. मघाशी छापल्यासारखी दिसलेली बोटं आता सापडेनात. डाग होता, मोठा, विस्कटलेला, कडा नसलेला. त्यांनी डोळे मिटून पुन्हा उघडले. डागच होता.

"ही कोण आहे?" बाईंनी कागदावरचं नाव वाचून विचारलं. "मास्तर, ही तुमची कोण?"

"भाची."

बाईंनी हातमोजे चढवले, मास्तरांना बाजूला सारलं आणि चीर स्वतः दिली. करवतीचा आवाज सुरू झाला. हाडाचा भुगा उडू लागला, आणि मास्तर आपल्याच टेबलाशी भिंतीला टेकून उभे राहिले, नव्या डॉक्टरला उभं करत तिथेच. कवटीची वाटी निघाली तशी बाईंनी "अगं बाई" एवढंच म्हटलं. मेंदूच्या तळाशी काळं, घट्ट रक्त भरलं होतं. बाईंनी ते पाण्यानं हळूहळू धुतलं, बराच वेळ शोधलं आणि चिमट्याच्या टोकानं दाखवलं. एका नसेवर मुगाच्या दाण्याएवढा फुगा. फुटलेला.

"जन्मापासून नस इथं पातळ असणार," बाई म्हणाल्या. "कधीतरी फुटणारच होती. मृत्यूला एवढं पुरेसं आहे."

"आणि गळा?"

"गळ्याचं आता मी काही लिहू शकत नाही."

"म्हणजे दाबला नव्हता?"

"तसंही लिहू शकत नाही. आधी थोडं काही असेल, नसेल. तुमच्या सुरीचं रक्त त्यावर पसरलंय. आता ते कुणालाच सांगता येणार नाही, मास्तर. कधीच नाही. हे तुम्हीच मला शिकवलंत."

मास्तर धावत अंगणात आले. "तो कुठंय?" बहिणीनं मान वर केली नाही. त्यांनी खिशातून फोन काढून भाच्याला लावला. तो बहिणीच्या मांडीवरच वाजला. हवालदार चहाला गेलेला. मास्तरांनी ओरडून बाईंना पोलिसांना फोन करायला सांगितलं, रक्ताच्या एप्रनसकट स्कूटरवर बसले, आणि फाटकातल्या आडव्या ट्रकच्या फटीतून एक आरसा मोडून बाहेर पडले. त्यांना एकच गोष्ट हवी होती. जावई जिवंत सापडायला हवा होता.

लॉन्ड्रीचं शटर अर्ध्यावर ओढलेलं होतं. बाहेर इस्त्रीकाम करणाऱ्या दोन बायका एकमेकींना धरून उभ्या, आणि पाच-सहा जण फोन वर धरून वाकून आत बघणारे. आत कुणी जात नव्हतं. मास्तरांनी एकाला ढकललं आणि शटरखालून आत शिरले.

प्लास्टिकच्या पिशव्यांत घातलेले कपडे दांड्यांवरून खाली आले होते. कोट, साड्या, पांढरे शर्ट, सगळा ढीग जमिनीवर, आणि त्या ढिगातून जावई कोपरांवर सरपटत होता. पाय मागे नुसते ओढले जात होते. उजवा गुडघा भलत्याच बाजूला वळलेला. टॉमी त्याच्या पाठीत बसली. माणसाच्या फासळ्या मोडतात तो आवाज मास्तरांच्या ओळखीचा होता, पण तो त्यांनी नेहमी शांत खोलीत, शांत माणसाच्या अंगातून ऐकला होता. इथे त्याच्यामागून किंकाळी आली. भाच्यानं जावयाला पायानं उताणं केलं आणि पोटात टॉमी हाणली. एकदा. दोनदा. तोंड तर आधीच फुटलं होतं. एका पांढऱ्या शर्टाच्या पिशवीवर दोन दात पडले होते.

"थांब!" मास्तर ओरडले. "अरे थांब, मेल्या!"

भाच्यानं वळून बघितलं. घामानं निथळत होता. मामाला बघून त्याचा चेहरा लहान पोरासारखा मोकळा झाला. "मामा, आलास? ये. हा कबूलच होत नाही. तूच सांग ह्याला, तू काय बघितलंस ते."

मास्तर जावयाशेजारी गुडघ्यांवर बसले. हात आपोआप पोटावर गेला. पोट फुगून घट्ट व्हायला लागलं होतं. ओठ पांढरे, नाडी धाग्यासारखी, कपाळावर गार घाम. प्लीहा फुटली होती. आत रक्त साठत होतं. फार तर वीस मिनिटं. हे सगळं त्यांना एका दमात कळलं, नेहमीसारखं, चूक व्हायला जागाच नाही असं. "गाडी बोलवा," ते शटरकडे तोंड करून ओरडले. "रुग्णवाहिका बोलवा कुणीतरी, फोन काय नुसते धरताय!"

"मामा," जावई म्हणाला. शब्दाबरोबर रक्ताचा बुडबुडा आला. "काय झालं होतं हो तिला?"

ज्याला एवढं मारलं त्याला आपण कशासाठी मार खातोय तेसुद्धा धड माहीत नव्हतं.

"डोक्यातली नस फुटली," मास्तर म्हणाले.

"नस?" भाच्यानं विचारलं. टॉमी त्याच्या हातात लोंबत होती. "कसली नस? आणि गळा?"

"गळ्याचं काही सांगता येत नाही."

"सांगता येत नाही? बोटं बघितलीस ना? चार बोटं, अंगठा. छापल्यासारखी. तूच म्हणालास."

"म्हणालो. माझी चूक झाली. मी डोकं आधी उघडायला हवं होतं, मला तिचे केस... मला जमलं नाही. ते रक्त माझ्या सुरीचं असेल."

"असेल?"

"असेल."

भाच्यानं जमिनीवरच्या माणसाकडे पाहिलं, आपण मोडलेल्या गुडघ्याकडे, तोंडाकडे, आणि त्याचा चेहरा बघवेना. नेमका तेव्हाच जावई पुन्हा बोलला. तो भाच्याशी बोलत नव्हता. तो मास्तरांच्या एप्रनची किनार पकडून त्यांनाच विचारत होता.

"मी काल संध्याकाळी तिला मारलं होतं, मामा. भांडण झालं. एक कानाखाली लगावली. जोरात लागली. ती काही बोलली नाही, डोकं दुखतंय म्हणाली, झोपली." त्याला खोकला आला, रक्त गळ्यावर ओघळलं. "त्यानं फुटली का? सांगा ना. त्यानंच का?"

"ऐकलंस?" भाचा म्हणाला. टॉमी वर आली. "ऐकलंस मामा? बोल आता. ह्याच्या मारानं मेली की नाही? हो की नाही?"

मास्तरांनी असल्या नसा पाहिल्या होत्या. हसता हसता कोसळलेल्या बाईच्या डोक्यात पाहिली होती. बुटाची नाडी बांधायला वाकलेल्या माणसाच्या डोक्यात पाहिली होती. आणि ठोसा खाल्लेल्यांच्याही. फुटलेला फुगा तिन्हींत सारखाच दिसतो. कशानं फुटला ते त्यावर लिहिलेलं नसतं. भाचीची त्या थपडेनं फुटली असेल, किंवा थपडेशिवायही काल फुटलीच असती, किंवा पहाटे शिंकेनं फुटली असेल. पण त्यांच्यासमोर प्रश्न नसेचा नव्हता, वर उचललेल्या टॉमीचा होता. त्यांनी आयुष्यभर कमावलेला सगळा ठामपणा एकवटला.

"नाही," ते म्हणाले. "थपडेनं अशी नस फुटत नाही. शंभर टक्के नाही. मी सांगतो."

जावयानं डोळे मिटले. त्याच्या तोंडातून एक उसासा आला, इतक्या मारातही सुटल्यासारखा.

पण भाचा हलला नाही. तो मामाच्या तोंडाकडे बघत होता, बारीक डोळे करून. "सकाळी तू अगदी असाच बोलला होतास," तो म्हणाला. "ह्याच आवाजात."

एकतीस वर्षांचा शब्द मास्तरांनी सकाळीच खर्चून टाकला होता, आणि आता एक जीव वाचवायला तो लागत होता तर पेटीत दमडी नव्हती.

"खरं सांग, मामा. माझ्या बहिणीची शपथ आहे तुला. ह्यानं मारली का तिला?"

"मला माहीत नाही," मास्तर म्हणाले.

"माहीत नाही?" भाचा किंचाळला. "माहीत नाही? मग मी हे काय केलं? हे काय केलं मी?"

टॉमी खाली येताना दिसली तसे मास्तर जावयावर आडवे पडले. पहिला घाव खांद्यावर बसला आणि हाड मोडलं. गळपट्टीचं हाड, मधोमध, त्यांना आवाजावरून कळलं. दुसरा कोपरावर. भाचा आता कुणाला मारतोय ते बघत नव्हता. मारत होता आणि रडत होता, आणि प्रत्येक घावाला तेच विचारत होता. तिसरा पाठीत बसला, चौथा दांड्यावर जाऊन उरलेले कपडे खाली आले. मग टॉमी फरशीवर पडल्याचा खणखणाट झाला आणि मागे नुसतं हुंदके देणं राहिलं.

मास्तरांच्या छातीखाली जावई अजून श्वास घेत होता. तोंड त्यांच्या कानाशी होतं. "सांगा ना, मामा," तो म्हणाला. मघाचं 'नाही' त्यालाही पटलं नव्हतं, किंवा पटूनही पुरलं नव्हतं. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला, "त्यानंच का?" तिसऱ्यांदा नुसते ओठ हलले. मास्तरांनी शाबूत हात त्याच्या डोक्याखाली घातला. त्यांना त्याचा राग यायचा तेवढा अजून येत होता; दंडावरचे डाग खरे होते, थप्पड खरी होती. तरी त्यांनी डोकं फरशीवर टेकू दिलं नाही. पोट त्यांच्या पोटाखाली दगडासारखं घट्ट झालं होतं. श्वास लांबला, अडखळला, आणि पुढचा आलाच नाही.

बाहेर कुणीतरी शटर वर ढकललं. उजेड आत आला. रुग्णवाहिकेचा भोंगा दूर कुठेतरी गर्दीत अडकला होता.

"मामा," भाचा म्हणाला. तो इस्त्रीच्या टेबलाच्या पायाला टेकून बसला होता, दोन्ही तळहात वर करून, जणू ते कुणी धुऊन देणार होतं. "मेला का तो?"

मास्तरांनी जावयाच्या गळ्यावर दोन बोटं टेकवली. बराच वेळ ठेवली. घाई केली नाही.

"मेला."

"कशानं?" भाच्यानं विचारलं. आपणच विचारतोय हेही त्याला कळत नसावं. लहानपणापासून घरात कुणी मेलं की मामालाच विचारायचं, एवढीच सवय.

प्लीहा फुटून पोटात रक्तस्राव. बरगड्या पाच, गुडघ्याची वाटी, जबडा. मास्तरांना सगळं पाठ होतं.

"मी सांगितलं म्हणून," ते म्हणाले.